पाणी आणि मीठ सोडून

आशाबाईंच्या हातचं ताट कुणी माघारी धाडलंय, असं आखाडा बाळापुरात आजवर झालं नव्हतं. लग्नकार्यात भाजीला मीठ घालायच्या आधी आचारी त्यांना हाक मारत. बाजाराच्या दिवशी दुरून आलेले सोयरे वाट वाकडी करून त्यांच्या दारात येऊन बसत, आणि 'सहज आलो' असं म्हणत, जणू काही जेवणाची वेळ त्यांना ठाऊकच नव्हती. त्यामुळे पुढच्या दोन खोल्यांतून लागोपाठ तीन दिवस ताट जवळपास गेलं तसं परत आलं, तेव्हा आशाबाईंना ते चांगलंच झोंबलं. तिसऱ्या दिवशी तर त्यांनी ताट ओट्यावर असं आपटलं की वाटी घरंगळत मोरीत गेली.

पुढच्या दोन खोल्यांत मोझेल झिराडकर राहायची, सरकारी दवाखान्यातली जनावरांची डॉक्टर. दोन वर्षांपूर्वी आशाबाईंची म्हैस विताना अडली होती. या पोरीनं खांद्यापर्यंत हात आत घालून दोन तास झुंज दिली, आणि म्हैस वाचवली, रेडकूही वाचवलं. त्याच आठवड्यात आशाबाईंनी रस्त्याकडच्या दोन खोल्या झाडून तिच्या हवाली केल्या. मोझेल ज्यू होती. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे, त्यांच्यातली. "बोलतात मराठी, देव एक, मूर्ती न्हाई," एवढं आशाबाईंनी समजून घेतलं होतं, आणि तेवढ्यावर त्यांचं समाधान होतं. मोझेलनं स्वतःची भांडी नि स्वतःचा तवा आणला, तेव्हा त्यांना जरासं लागलं होतं. पण आशाबाई स्वतः माळकरी. दुसऱ्याच्या घरच्या भांड्यात काय शिजलं असेल, याचा विचार त्याही करायच्याच की.

दिवाळीनंतर मोझेलचे वडील राहायला आले. हायम झिराडकर, वय एक्याऐंशी, एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. त्यांची बायको रिबका पावसाळ्यात गेली आणि ठाण्याच्या घराला कुलूप लागलं. अंगानं काडी, पण सदऱ्याला इस्त्री, डोक्यावर छोटी गोल टोपी, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्यानं पुढं वाकावं. आले तेव्हाच बारीक होते, माघ लागेपर्यंत आणखी चार किलो उतरले. नांदेडच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं की तीन आठवड्यांत वजन वाढलं नाही तर दाखल करायचं आणि नाकातून नळी घालायची.

नेमकं तेव्हाच मोझेलचं लसीकरण सुरू झालं. पहाटे जीप यायची, गावोगावची जनावरं टोचून ती दिवेलागणीला परतायची. आशाबाईंच्या घरची माणसंही हळद शिजवायला शेतात. जाण्याच्या आदल्या दिवशी मोझेल स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"मावशी, दुपारचं पप्पांना तुम्ही द्याल? तुमच्या हातचं कुणी नाही म्हणत नाही." एवढं बोलून ती रडायलाच लागली. म्हशीच्या पोटात हात घालताना न डगमगलेली ही बाई आपल्या ओसरीवर लेकरासारखी रडतेय, हे आशाबाईंच्यानं बघवेना.

"रडू नको. मी खाऊ घालते त्यान्ला. नळी घालून घ्यायची येळच येऊ देत न्हाई."

शब्द दिला तो असा. आणि तीन दिवसांत त्याची ही गत.

पहिल्या दिवशी मोझेलच्याच भांड्यांत शिजवून वरणफळं नेली होती. वरून तूप, लसणाची फोडणी. म्हाताऱ्यानं चमच्यानं एकदा ढवळलं, नाकाशी नेलं, आणि झाकण घातलं. मग टेबलावरचं केळं सोललं, हातात धरून काहीतरी पुटपुटले आणि खाल्लं. दुसऱ्या दिवशी भरलं वांगं. तर भाकरी तेवढी कोरडी खाल्ली, वांग्याला हात नाही. तिसऱ्या दिवशी मुरमुऱ्यांची सुशीला, शेंगदाणे नि डाळवं घालून. ती तशीच. आणि सगळ्यात जिव्हारी लागलं ते पाण्याचं. आशाबाई ताटाबरोबर पाण्याचा तांब्या न्यायच्या, तो बाजूला राहायचा. म्हातारा काठी टेकत उठायचा, कोपऱ्यातल्या माठातून स्वतःचा तांब्या स्वतः भरून आणायचा. हात लटलट कापायचा, पण दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही.

वाटी मोरीतून काढून धुतली, पदर खोचला आणि आशाबाई तडक पुढच्या खोलीत गेल्या.

"काका, एक इचारते, राग मानू नका. आमच्या हातचं तुमच्यात चालत न्हाई का? पाणी बी चालत न्हाई?"

हायमकाका गडबडून उठायला लागले. "अहो, नाही नाही. असं मनातसुद्धा आणू नका. बसा, बसा तुम्ही."

आशाबाई बसल्या नाहीत. राग आलेला असताना बसलं की अर्धा राग जातो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"मग काहून ताट माघारी धाडून राहिले तुमी? मी तुमच्या लेकीला शब्द देऊन बसले."

म्हाताऱ्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग हळूहळू सांगायला लागले. त्यांच्यात घास तोंडात घालायच्या आधी देवाचे आभार मानतात. त्याला बेराखा म्हणतात. पण सगळ्याला एकच बेराखा नसते. झाडाच्या फळाची वेगळी, जमिनीतून येणाऱ्या भाजीची, शेंगांची वेगळी. गव्हाचं काही असलं तर त्याची वेगळी, तिचं नाव मेझोनोत. दूध, अंडं, पाणी, तुमची ज्वारीची भाकरी, यांची आणखी वेगळी, ती शेहाकोल.

"केळं म्हणजे केळं. तिथं चुकायचं काही नाही," ते म्हणाले. "पण तुमचं जेवण म्हणजे चार जिन्नस एकत्र. त्यात काय आहे, मुख्य काय आहे, मला समजत नाही. कोविडमध्ये तोंडाची चव गेली ती नीट परत आलीच नाही. डोळ्यांचंही तसंच. रिबका होती तेव्हा ताट ठेवता ठेवताच सांगायची. आज यात गहू आहे, मेझोनोत. आज नुसती भाजी आहे, अमकी म्हणा. पन्नास वर्षं मला विचारावं लागलं नाही."

"अन् चुकीची म्हटली तर?"

"तर देवाचं नाव फुकट घेतल्यासारखं."

आशाबाईंचा राग एव्हाना कुठं गेला ते त्यांनाच कळलं नाही. त्या पलंगासमोर खाली टेकल्या. "अवं, मग मला इचारायचं ना!"

"दुसऱ्याच्या घरी बसून यात काय घातलंय म्हणून विचारायचं? खोट काढल्यासारखं होतं ते."

"समद्याला चालंल असं एक नसतं व्हय तुमच्यात?"

"असतं. शेहाकोलच. ज्याच्या शब्दानं सगळं झालं, असा तिचा अर्थ. अगदीच अडलं तर ती म्हणावी." म्हाताऱ्यानं टोपी सारखी केली. "पण आशाबाई, विचारता येत असताना तीच म्हणत बसायचं म्हणजे घरातल्या सगळ्या लेकरांना 'ए पोरा' म्हणून हाक मारल्यासारखं. ज्याचे आभार मानायचे ते नाव घेऊन मानावेत. आणि खरं सांगू? रिबका गेल्यापासून विचारायचाही कंटाळा येतो. केळं सोपं पडतं."

आशाबाई घरात आल्या त्या विचार करतच. दुखणं कळलं होतं, आता औषध शोधायचं. आणि औषध त्यांना चटकन सापडलं. एकत्र केल्यानं अडतंय ना? मग एकत्र करायचंच नाही!

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्ठं ताट भरून नेलं. एका वाटीत उकडलेली कणकेची फळं, एकीत बिनफोडणीचं वरण. मग लसणाच्या चार पाकळ्या, एक हिरवी मिरची, गुळाचा खडा, चिमूटभर हळद, चमचाभर कच्ची मोहरी, कोथिंबिरीची काडी, मीठ, आणि दहाव्या वाटीत नुसतं गोडं तेल. हे सगळं त्यांनी पंगतीसारखं ओळीनं मांडलं आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"घ्या. आता म्हणा एकेकाची."

हायमकाकांनी ताटाकडं बघितलं. मग तेलाच्या वाटीकडं बघितलं. मग त्यांच्या घशातून खुदकन एक आवाज आला, आणि बघता बघता तो म्हातारा असा हसत सुटला की कवळी धरायला तोंडावर हात ठेवावा लागला. दिवाळीपासून या घरात त्यांचं हसू कुणी ऐकलं नव्हतं. आशाबाईंना आधी राग आला आणि मग त्याही हसायला लागल्या, कशाला ते न कळताच.

"हे जेवण आहे की किराणा दुकान?" ते डोळे पुसत म्हणाले. "अहो, वेगळं करायचं नसतंच. एकत्र शिजवलेल्या पदार्थात मुख्य कोण ते बघायचं आणि त्याची बेराखा म्हणायची. बाकीच्यांना तीच पुरते. मिरचीची वेगळी, मोहरीची वेगळी, असं नाही करायचं."

आशाबाईंनी क्षणभर विचार केला. "म्हंजे नवरदेवाला आवतणाची अक्षद दिली की वऱ्हाडाला येगळं बोलवायचं काम न्हाई."

"बरोबर! अगदी बरोबर!" म्हाताऱ्यानं मांडीवर थाप मारली. "आणि गव्हाचा मान असा, की तो मूठभर असला तरी नवरदेव तोच. पण एक अट आहे. चवीला, पोट भरायला घातला असेल तर. नुसता पीठ चिकटून राहावं म्हणून घातला असेल, तर तो वऱ्हाडातला. मग ज्याला चिकटवलं तो नवरदेव."

त्या दिवशी त्यांनी फळं वरणात कालवून, वर आशाबाईंनी पळत जाऊन आणलेली फोडणी ओतून घेऊन, अर्धी वाटी संपवली. मेझोनोत म्हणून. आशाबाईंना तेवढ्यानं भागणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला हुकमाचा पत्ता काढला, धपाटे.

मोझेलच्या तव्यावर भाजलेले, कडेनं खरपूस, वर लोण्याचा गोळा. ताट ठेवता ठेवता त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि सांगताना त्यांना स्वतःलाच गंमत वाटली, कारण इतक्या वर्षांत आपल्या धपाट्यात काय काय असतं, हे त्यांनी कधी मोठ्यानं म्हटलंच नव्हतं. "ज्वारीचं पीठ. थोडं बेसन. गव्हाचं पीठ मूठभर. लसूण, मिरची, तीळ, कोथिंबीर. अन् हळद, ती आपल्या शेतातली, औंदाची."

"गहू कशाला?" हायमकाकांनी विचारलं.

"आं?"

"चवीला की चिकटायला?"

पस्तीस वर्षं आशाबाई मूठभर गहू घालत होत्या. सासू घालायची म्हणून त्या घालत होत्या. कशाला, ते सासूनं सांगितलं असेल तर ते त्या कधीच विसरून गेल्या होत्या. म्हाताऱ्याचा हात ताटावर थांबला होता. ठाऊक नाही म्हटलं, तर हा हात मागं जाईल, झाकण पडेल, आणि टेबलावरचं केळं आहेच.

"चवीला," आशाबाई म्हणाल्या. ठणठणीत आवाजात.

हायमकाकांनी मान हलवली, धपाट्याचा तुकडा मोडला, डोळे मिटून मेझोनोत म्हटली आणि तोंडात घातला. चावता चावता त्यांच्या कपाळावरची आठी सैल झाली. एक धपाटा संपवून त्यांनी दुसरा घेतला. आशाबाई ओसरीत येऊन खांबाला टेकल्या आणि पदरानं डोळे पुसत पांडुरंगाचे आभार मानले. आभार मानायला त्यांना कुठल्या शब्दांची अडचण नव्हती.

त्यानंतर रोज धपाटे. कधी मेथीचे, कधी कांद्याच्या पातीचे. आठ दिवसांनी मोझेल वडिलांना आपल्या दवाखान्यात घेऊन गेली आणि शेळ्यामेंढ्या तोलायच्या काट्यावर उभं केलं. दीड किलो वाढले होते. घरी येऊन तिनं आशाबाईंना अशी मिठी मारली की त्यांच्या हातातलं सूप खाली पडलं.

"मावशी, तुमचे उपकार कसे फेडू?"

"माझी म्हैस वाचवून तू फेडून बसली की आधीच," आशाबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांच्याइतकं सुखी माणूस बाळापुरात नसेल.

हे सुख पुरतं एक दिवस टिकलं. हळदीच्या कामासाठी त्यांची नणंद पारुबाई शिरड शहापूरहून आली होती. पंचाहत्तरीची, दात दोन, जीभ मात्र शाबूत. दुपारी धपाट्याचं पीठ भिजवताना आशाबाईंनी कणकेचा डबा उघडला, तर तळाला खरखर.

"गहू संपला वाटतं, वन्सं. थांबा, शेजारून आणते."

"कशाला? गरम पाण्यानं मळ की. गहू काय, नुसता चिकटायला असतोय त्यो. ज्वारी तुटती म्हून घालायचा. आईनं तुला माझ्यासमोर सांगितलंय, इसरली व्हय?"

आशाबाईंचा हात पिठात होता तिथंच थांबला.

मग त्यांनी जे केलं, ते बघून पारुबाईंना वाटलं, वहिनीचं डोकं फिरलं. आधी बिनगव्हाचा धपाटा थापला. तो कडेला तडकला, उलथताना तुटला. मग शेजारून कणीक आणून गव्हाचा थापला. मग डोळे मिटून दोन्हींचा एकेक तुकडा खाल्ला. पुन्हा खाल्ला. पारुबाईंनाही डोळे मिटायला लावून खाऊ घातला. वेगळा लागू दे रे पांडुरंगा, गव्हाचा जरा तरी वेगळा लागू दे, असं मनात घोकत त्या पारुबाईंच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"येकच तर हाय," पारुबाई म्हणाल्या. "कशाची परीक्षा घेऊन राहिली तू माझी?"

आशाबाईंनी सगळं सांगितलं. पारुबाईंनी सरळ निकाल दिला. "गप बस. म्हातारं खाऊन राहिलं ना? मग झालं. सोमवारी डाक्टरला दाखवायचंय, आता कशाला सांगती?"

बोलणं खोटं नव्हतं. सोमवार चार दिवसांवर होता. सांगितलं तर म्हाताऱ्याचा विश्वास उडणार. पुन्हा ताटावर झाकण, पुन्हा केळं, मग नांदेड, मग नळी. आणि मोझेलला काय तोंड दाखवायचं? न सांगितलं तर कुणालाच कळणार नव्हतं. पण आशाबाईंना राहून राहून एक वाटत होतं. एकादशीला आपल्याला कुणी बटाटा म्हणून अंडं खाऊ घातलं, आणि आपण देवाचं नाव घेऊन ते खाल्लं, तर? कुणी सांगितलं नाही म्हणून ते बटाटा होईल का? देव त्यांचा असो की आपला, आपल्या एका शब्दावर विसंबून त्या माणसानं त्याचं नाव घेतलं होतं, आणि आपण तो शब्द असाच फेकला होता.

त्यांनी तुटलेला धपाटा ताटलीत घेतला आणि पुढच्या खोलीत गेल्या. हायमकाका खिडकीशी बसले होते. ताटली बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि तो उजळलेला चेहराच आशाबाईंना सोसवेना.

"काका, मी खोटं बोलले," त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या. "गहू चवीला नसतोय. चिकटायला असतोय. मला ठावं नव्हतं, पर ठावं न्हाई म्हणायच्या ऐवजी मी ठोकून दिलं. तुमी खावं म्हून. आठ दिस झाले. आठ येळा तुमाला देवाचं नाव फुकट घ्यायला लावलं मी."

बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला, त्याचा आवाज पार नाक्यापर्यंत ऐकू येत राहिला.

"बसा," शेवटी ते म्हणाले. या वेळी आशाबाई लगेच बसल्या.

"रिबका शेवटची दीड वर्षं विसरायला लागली होती. मोझेलला सगळं ठाऊक नाही, ती इकडं होती. आधी नावं विसरली, मग दिवस. पण ताट वाढायची विसरली नाही. आणि वाढताना सांगायचीही विसरली नाही. फक्त एकच आठवायचं तिला. उकडलेलं अंडं ठेवायची आणि म्हणायची, यात गहू आहे, मेझोनोत. काकडी ठेवायची, यात गहू आहे, मेझोनोत."

"मग तुमी?"

"एकदा मी म्हटलं, अगं, हे अंडं आहे. तर तिचा चेहरा असा झाला... ताट उचलून आत गेली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. त्यानंतर नाही म्हटलं. ती म्हणेल ती बेराखा मी म्हणायचो."

"अंड्याला गव्हाची?"

"अंड्याला गव्हाची." म्हातारा किंचित हसला. "आमच्या शास्त्रात एक सोय आहे, आशाबाई. मुद्दाम तसं करू नये. पण चुकून म्हटली गेलीच, तर मेझोनोत सगळ्या अन्नाला पुरते. त्या शब्दात आधार देणारं, पोसणारं असा अर्थ आहे. आणि पोसतं तर सगळंच, थोडंफार. पाणी आणि मीठ सोडून. ते दोन नुसते पोसत नाहीत. तेव्हा तुमचे आठही दिवसांचे धपाटे पोचले. एकही फुकट गेला नाही."

आशाबाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. पण त्या गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. "पर तुमी तर चुकून न्हाई, जाणूनच म्हणायचे."

"हो. जाणून. दीड वर्ष. त्याचा जाब मी देईन वर गेल्यावर. देव विचारेल, तर सांगेन, तुझं नाव चुकीच्या जागी घेतलं, पण आभार खरे होते. ती ताट वाढत होती, हेच काय कमी होतं?"

आशाबाईंनी डोळे पुसले. मग एकाएकी त्यांच्या लक्षात काहीतरी आलं. कोपऱ्यातल्या माठाकडं, काकांच्या उशाशी भरून ठेवलेल्या तांब्याकडं त्यांनी पाहिलं.

"अन् पाणी, काका? पाण्याला तर ती चालत न्हाई म्हणालात. रिबकाताई पाणी देऊन मेझोनोत म्हणाल्या तर?"

"पाणी मी तिला देऊच दिलं नाही," हायमकाका म्हणाले. "ती उठायच्या आत तांब्या भरून ठेवायचो. तेवढं एक सांभाळलं. तिला म्हणायचो, वैद्यानं सांगितलंय, म्हाताऱ्यानं आपलं पाणी आपण भरावं, हातांना व्यायाम होतो. ती गेली, सवय राहिली."

आमच्या हातचं पाणी चालत नाही, म्हणून आपण इथं तणतणत आलो होतो, ते आठवून आशाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्याच वेळी या काडीएवढ्या माणसाबद्दल मनात इतकी माया दाटून आली की, ती कुठं ठेवावी ते सुचेना.

हायमकाकांनी ताटलीतला तुटका धपाटा जवळ ओढला. "यात किती गहू?"

"ह्यात न्हाईच. ज्वारी, बेसन. ज्वारी मुख्य." या वेळी आशाबाईंनी प्रत्येक शब्द तोलून उच्चारला.

"मग शेहाकोल. पाण्याचीच ती. एकदा म्हटली की दोन्हीला पुरते." उशाशी तांब्या भरलेला होता, पण त्यांनी तो घेतला नाही. "आधी पाणी पिईन म्हणतो. तुम्ही देता का?"

आशाबाई उठल्या. माठावरचं झाकण काढलं, पेला विसळला, काठोकाठ भरला, बाहेरून पदरानं पुसला. दोन्ही हातांनी तो त्यांच्यासमोर धरला, आणि ताट ठेवता ठेवता सांगायचं असतं तसं, त्यांनी सांगितलं.

"ह्यात पाणी हाय, काका. नुसतं पाणी."

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. मग त्यांनी बेराखा म्हटली, नेहमीपेक्षा मोठ्यानं, आणि पेला एका दमात रिकामा केला. तुटका धपाटा मोडून तोंडात घातला.

"सोमवारी डॉक्टरला सांगू, नळीचं काम नाही," ते चावता चावता म्हणाले, आणि रिकामा पेला आशाबाईंच्या हातात दिला. "आणि उद्यापासून तांब्या तुम्हीच भरत जा."